दळवी काका आणि भरलेली गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वाकडंतिकडं, त्याबद्दल माफी असावी. ही वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिलेली. वाचणारं कुणी नाही, तरी दळवी काकांबद्दल कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटलं, म्हणून बसले.

नोएडात काकांचं चाकांचं अलाइनमेंट करायचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावायचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा, एवढंच. फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पण सगळा जन्म इकडे गेल्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे. गाडी आली की चाकांकडे आधी बघायचेच नाहीत. विचारायचे, "रोज कोण कोण बसतं हिच्यात? बुलाओ सबको." एका माणसाला तर त्यांनी घरी पाठवून सासूबाईंना आणायला लावलं होतं. तो चिडला, तर म्हणाले, "रिकामी गाडी कोण चालवतं, यार? घरातून निघताना जेवढं वजन असतं, तेवढं मला हवं."

आमचा डब्यांचा धंदा. ऑफिसातल्या मराठी लोकांना मी स्वयंपाक करून देते, हे व्हॅन चालवतात. डबे आणि पातेली भरली की व्हॅनचं पोट प्रत्येक स्पीडब्रेकरला घासायचं. म्हणून ह्यांनी एका गॅरेजात स्प्रिंगांमध्ये रबराचे ठोकळे बसवून घेतले. गाडी चांगली चार बोटं वर आली. "बघ, जीपसारखी दिसते," असं म्हणत हे तिच्याभोवती दोनदा फिरले. त्याच दिवशी तिथेच कंप्यूटरवर अलाइनमेंट झालं. कागदावर सगळं हिरवं आलं, म्हणजे बरोबर.

दीड महिन्यात पुढची दोन्ही टायरं आतल्या बाजूने खलास. डाव्या टायरच्या तर तारा दिसायला लागल्या. परत कंप्यूटर, परत सगळं हिरवं. हे रोज त्याच टायरांवर एक्सप्रेस-वेने जायचे आणि शेजारी मी जीव मुठीत धरून बसायची. गाडी उभी केली तर चाळीस डबे बंद, आणि नवीन टायरांना पैसे नाहीत. शेवटी डबा घेणाऱ्या एका साहेबांनी काकांचा पत्ता दिला.

हे एकटेच गेले आणि तासाभरात परत आले. "चल. तुला बोलावलंय. पातेल्यांसकट."

मी परक्या माणसाशी बोलत नाही. भाजीवाल्याशीसुद्धा मानेनेच बोलते. डोक्यावर पदर घेऊन, पातेल्यांत पाणी भरून, माझ्या रोजच्या जागी जाऊन बसले.

"ताईंचं वजन किती?" काकांनी ह्यांना विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे हसायला लागले. काका म्हणाले, "हसू नका भाऊ, तुमचंही विचारणार आहे." आणि खड्ड्यात उतरले.

मग माझ्या पायांखालून आवाज आला. "ताई, खिंचती किधर है? म्हणजे, ओढते कुठे?"

हे बाहेरून म्हणाले, "अहो, तिला गाडीतलं काय कळतंय?"

"तुम्ही रस्ता बघता, भाऊ. त्या तुम्हाला बघतात. बोला ताई."

खाली माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज होता. म्हणून असेल, मला बोलता आलं. म्हटलं, "जाताना डावीकडे ओढते. हे स्टिअरिंग सारखं उजवीकडे धरून असतात. घरी आल्यावर ह्यांचा उजवा खांदा मी शेकते. येताना डबे रिकामे असले की सरळ येते."

खाली पान्याची खटखट थांबली. "हे आधी कुणाला का सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

काका वर आले. तोंडाला ग्रीस लागलेलं. ह्यांना म्हणाले, "ऐकलंत? गाडी उंच केली की चाकं तिरकी होतात. रबर दबायला आठ दिवस लागतात, तुम्ही त्याच दिवशी मशीनवर घातली. तीही रिकामी. आणि ताई डावीकडे, मोठी पातेलीही डावीकडे. मशीन खोटं बोललं नाही, त्याने रिकामी गाडी सरळ केली."

एक मोठं पातेलं त्यांनी उजवीकडे ठेवायला लावलं. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून, खडूच्या खुणा करत दीड तास काम केलं. मी हलले की खालून आवाज यायचा, "ताई, बिल्कुल नाही." मध्येच विचारायचे, आमटीत गूळ घालता की नाही? मी उत्तरं देत गेले. इतकं मी माहेरीही बोलले नसेन.

झिजलेल्या टायरांवर त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. ओळखीच्या दुकानातून दोन टायरं आणवली, सहा हजारांची, स्वतःच्या शब्दावर उधार. आम्ही दर शनिवारी थोडे थोडे द्यायचो. हे खिडकीतून पैसे पुढे करायचे, मी आतून नमस्कार करायची. काका न मोजता खिशात घालून मला विचारायचे, "ताई, खांदा?" मी म्हणायची, "शेकावा लागत नाही."

मग कळलं, जागेच्या मालकाने दुकान सोडायला सांगितलंय. काका सोमवारी मुलीकडे नागपूरला चालले, कायमचे. आमचे नऊशे रुपये राहिले होते आणि हे तापाने पडलेले. रविवारी मी ई-रिक्षा करून एकटी गेले.

काका दोरी गुंडाळत होते. मध्ये ना खिडकी, ना गाडी. मी पैसे पुढे केले. नेहमीसारखे ते खिशात घालायला लागले.

"काका," मी म्हटलं, "मोजून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फडक्याने हात पुसले आणि उभ्या उभ्या एकेक नोट मोजली. मग म्हणाले, "बरोबर आहेत, ताई. सगळे फिटले."