खिडकीतली हजेरी

आमच्या मागच्या गल्लीत कुटुंब मदत केंद्र आहे. तिथल्या समुपदेशक बाईंना सगळे हजेरीमावशी म्हणतात. पोरं वाट सोडायला लागली की त्यांच्या आईबापांचा वर्ग मावशी घेतात, शनिवारी दुपारी. पोरं बिचारी निमूट सुधारतात, दांड्या मारतात ते आईबाप. मग मावशी चपला सरकवून निघतात आणि एकेकाला दुकानातून, गच्चीवरून, सासुरवाडीहून उचलून आणतात. त्यांचे यजमान घरी चहा घेतानाही हात वर करून ‘हजर’ म्हणतात, असं ऐकतो. खरंखोटं देव जाणे.

दांडीबहाद्दरांत कोपऱ्यावरचा न्हावी पहिला. त्याच्या चौदा वर्षांच्या लेकीने लोकांच्या चार स्कूटरी न विचारता फिरवून, वर पुसूनबिसून, जागच्या जागी आणून लावल्या होत्या. बाल न्याय मंडळाने बजावलं होतं, बाप तीनदा गैरहजर राहिला तर पोरगी सुधारगृहात. दोनदा झालं होतं.

त्या शनिवारी न्हावी “आलोच हं, मावशी” म्हणून संडासाकडे गेला तो गेलाच. मावशींनी बाहेर बाकावर बसलेल्या लेकीला गाठलं.

“तू असतीस तर कुठून पळाली असतीस?”

“संडासाच्या खिडकीतून. पण बाबांचं पोट बघता...”

दोघी मागे धावल्या. पोट चौकटीत, डोकं गल्लीत, पाय आत.

“मावशी, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलंय हो,” न्हावी कळवळला.

“बसू दे.”

“मावशी, ही गैरहजेरी धरणार?” लेकीने विचारलं.

“कमरेखालचा तर वर्गात आहे. उरलेला तू सांभाळ.”

सगळे पालक खुर्च्या घेऊन संडासाच्या दारात बसले. विषय होता, मुलांचं मधे न बोलता ऐकणं. लेक बाहेर बापाच्या डोक्यापाशी बोलू लागली. तो मधे बोलला की मावशी आतून तळव्यांना पट्टीने गुदगुल्या करायच्या.

“तुम्ही मला कधी स्कूटरवर बसवलंत? घरी आलात की थेट झोपता.”

“अगं, दुकान...” गुदगुल्या. “हीहीही, बरं, बोल.”

ती बोलत राहिली. हळूहळू पट्टीचं काम संपलं. एवढ्यात वर्गातलाच एक सुतार चौकट कापायला करवत घेऊन आला.

“थांब जरा,” न्हावी म्हणाला, “तिचं होऊ दे.”

मावशींनी वही उघडली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, हजर, पूर्ण.