चांदीची केबल आणि वरचा सूर

कानाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे कानसेन म्हणत. आपल्याला गाता येत नाही, पण ऐकण्यात आपला हात कुणी धरू शकणार नाही, असं तो इतक्यांदा सांगायचा की शेवटी लोकांनी ते नावच त्याला चिकटवून टाकलं. त्याला ते आवडायचं. चारचौघांत कुणी तशी हाक मारली की तो ऐकू न आल्यासारखं करायचा, म्हणजे ती पुन्हा मारली जायची.

बावीस वर्षं त्याचं काम एकच. स्पंज लावलेल्या, कपाटाहून जेमतेम मोठ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, दार लावायचं आणि बाहेर यंत्रापाशी बसून काचेतून बघत एकेक सूर सोडायचा. आतल्या माणसाला सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. बाहेर दिवा लागतो, कागदावर खूण होते, झालं. पण एवढ्याशा कामातही लोक लबाडी करतात. परीक्षेला बसल्यासारखे बसतात आणि नापास व्हायला नको म्हणून काही ऐकू न येताच दाबत सुटतात. अशा लोकांवर कानसेनचा दात होता. तो मुद्दाम मधेच काही न वाजवता थांबायचा आणि दिवा लागला की दार उघडून म्हणायचा, "काका, मी तर अजून काही वाजवलंच नाही." काका ओशाळले की कानसेनचा दिवस चांगला जायचा. माणूस वाईट नव्हता, पण या एका बाबतीत खडूस होता.

खरा कानसेन बघायचा तर रविवारी सकाळी त्याच्या घरी जायला हवं. मागच्या खोलीच्या दाराला त्याने जुनी गोधडी ठोकली होती. टेबलावर लाकडी खुंट्यांवर तीन उंची हेडफोन, आणि बुटांच्या खोक्यात गुंडाळून ठेवलेल्या केबली. हेडफोनबरोबर येणारी केबल म्हणजे निव्वळ दोरी, असं त्याचं मत. खरा आवाज केबलीत असतो. दहाच्या ठोक्याला दोन मित्र यायचे, एक दातांचा डॉक्टर आणि एक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. मग केबली बदलून बदलून तेच गाणं आठ-आठ वेळा ऐकलं जायचं.

"ही तांब्याची," कानसेन म्हणायचा. "आवाजात ऊब आहे. गाणारी बाई जवळ येऊन बसते."

"जवळ म्हणजे किती?" लिफ्टवाल्याला मापं लागत.

"दीड हात. आता ही चांदीची लावतो. बघा, उठून उभी राहिली!"

"बसूनच बरी होती," लिफ्टवाला म्हणायचा. "गुडघे दुखत असतील तिचे." दातांचा डॉक्टर मात्र डोळे मिटून "वाहवा" म्हणायचा.

शेवटचा निकाल लागायचा तो एका टिंगवर. एका रेकॉर्डमध्ये अकराव्या मिनिटाला सगळ्या वाद्यांच्या गलक्यात कुणीतरी लोखंडी त्रिकोणावर हलकेच काडी मारतं. ती टिंग कुठली केबल किती स्वच्छ देते, हे कानसेन सांगायचा आणि त्याचं म्हणणं दोघंही मान खाली घालून मान्य करायचे. आठवडाभर तो या दोन तासांवर जगायचा, यात खोटं काही नाही.

आणि एका रविवारी ती टिंग आलीच नाही.

कानसेनने गाणं मागे नेलं. नाही. चांदीची काढून तांब्याची लावली, तांब्याची काढून वेणीसारखी गुंफलेली लावली. अकरावं मिनिट यायचं आणि मुकाट्याने निघून जायचं. मित्रांच्या चेहऱ्यांवर नेहमीचंच समाधान होतं, त्यामुळे त्याला विचारायचीही चोरी.

"केबली थकल्यात," शेवटी तो म्हणाला. दोघांनी थकलेल्या केबलींकडे हळहळून पाहिलं.

त्याने नवी चांदीची केबल मागवली. आता या छंदातल्या लोकांची एक ठाम समजूत असते की नवी केबल लगेच ऐकायची नसते, ती आधी मुरवायची. शंभर-दोनशे तास तिच्यातून आवाज सोडून ठेवायचा, म्हणजे धातूचा ताठा जातो. चांदी हट्टी, तिला अगदी वरच्या पट्टीतली बारीक शीळ लागते. कानसेनने केबल एका जुन्या हेडफोनला जोडली, शीळ चालू केली आणि सगळं लटांबर कपड्यांच्या कपाटात शर्टांमागे ठेवलं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सासूबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. एका डोळ्याला पट्टी, वय अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या कपाटात काहीतरी सारखं कोकलतंय."

कानसेनने शर्टांत डोकं घातलं. आत शुकशुकाट. "काही नाही हो, आई. उलट ते वाजायला हवं होतं, बंद पडलंय."

संध्याकाळी बायको पोस्टातल्या खिडकीवरचं काम संपवून घरी आली ती कानांवर हात ठेवूनच. "अहो, हे काय किंचाळतंय?"

"मायलेकींचे कान एकदमच वाजायला लागलेले दिसतात," कानसेन म्हणाला. सासूबाईंनी उठून, चाचपडत, कपाटामागचा प्लग उपटला. "हं, आता थांबलं," त्या म्हणाल्या आणि मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. कानसेनने मात्र यंत्र बिघडल्याचा निकाल देऊन टाकला.

त्यानंतर दवाखान्यातलं यंत्रही बिघडलं. रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आत तपासणाऱ्याने स्वतः हेडफोन लावून सगळे सूर एकदा ऐकून घ्यायचे, असा नियम असतो. कानसेनने ऐकले. खालचे आले, मधले आले, सगळ्यात वरचा आला नाही. त्याने दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं. यंत्र तपासणारा माणूस आला, पेटी उघडून मीटर लावला आणि यंत्र ठणठणीत असल्याचं लिहून गेला. कानसेनने घरून आपली चांदीची केबल आणून तपासणीच्या हेडफोनला जोडली. हे ऐकून बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." त्याला वाटलं, ती मेकॅनिकबद्दल बोलतेय.

एवढ्यावर थांबता तरी चाललं असतं. पण कानसेनच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. वरचा सूर मेला आहे ना? मग लबाड पकडायला याहून चांगला सापळा कुठला! तो मेलेला सूर वाजवायचा आणि जो बटण दाबेल तो खोटारडा. दहा दिवसांत अकरा खोटारडे सापडले. ज्या पेशंटांचे कान चांगले ते झाडून सगळे लबाड निघाले. समाज इतका खालावला असेल असं कानसेनला वाटलं नव्हतं. प्रत्येकाच्या कागदावर त्याने लाल शाईने लिहिलं, 'उत्तरं विश्वासार्ह नाहीत.'

अकरावी होती एक निवृत्त मुख्याध्यापिका.

"बाई, आवाज नसताना तुम्ही बटण दाबलंत," दार उघडून तो म्हणाला.

"आवाज होता."

"नव्हता."

"चाळीस वर्षं मी मुलांचं खोटं पकडलंय," बाई म्हणाल्या. "मला खोटं म्हणणारे तुम्ही पहिलेच." पर्स उचलून त्या थेट मॅडमच्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासाने मॅडम बाहेर आल्या त्या अकरा कागद हातात घेऊन. त्यांनी स्पंजाच्या खोलीचं दार उघडलं आणि कानसेनला म्हणाल्या, "बसा आत."

कानसेनची पाचावर धारण बसली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता. कपाटातली शीळ, मायलेकींचं ते बघणं, मेकॅनिकचा कागद, सगळं आता एका ओळीत उभं राहिलं आणि त्याला कळायचं ते कळलं. कान गेले तर माणूस बहिरा होतो, एवढंच. पण कानसेनचे गेले तर कानसेन उरतो कुठे? रविवारी दहा वाजता कोण कशाला येईल?

मग त्याने जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. सुरांचा क्रम त्याला पाठ होता. दोन सुरांमधलं अंतरही पाठ होतं. त्याने मनात आकडे मोजले आणि अंदाजाने बटण दाबत गेला.

मॅडमनी दार उघडलं. "काय? आले सगळे?"

"सगळे. शेवटचे बारा तर स्वच्छ."

"शेवटची पाच मिनिटं मी यंत्राला हात लावलेला नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो रिकामा होता.

कानसेनने त्या कपाकडे बघितलं आणि हेडफोन पुन्हा कानांवर सारखे केले. मग म्हणाला, "पुन्हा घ्या. आता खरं करतो." या वेळी त्याने डोळे मिटले. मधले सूर आले तेव्हा त्याने दाबलं. नंतर शांतता आली, ती लांबली, आणखी लांबली, आणि तिच्यात बाहेर नक्की काहीतरी वाजतंय हे माहीत असूनही तो बटणावरचा अंगठा उचलून बसून राहिला. त्याला रडू आलं होतं. कागदावरची रेघ सरळ चालत येऊन शेवटी जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती.

"थोडं वयाने गेलंय, बाकीचं तुमच्या रविवारांनी," मॅडम म्हणाल्या. "घरी आवाज कमी ठेवा. सकाळचं यंत्राचं ऐकणं यापुढे मी करीन, तपासणी तुम्हीच करा. या अकरा जणांना परत बोलवा, पुन्हा तपासा आणि माफी मागा. आणि ती केबल काढा हो, बिचाऱ्या यंत्राला दागिने कशाला?"

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. तुमच्या घड्याळाचा गजर रोज मी बंद करते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

रविवारी त्याने मित्रांनाही सांगून टाकलं, चहा यायच्या आधीच, म्हणजे उठून जायचं तर त्यांना मोकळेपणाने जाता यावं. कुणी उठलं नाही. दातांच्या डॉक्टरने घसा खाकरला. "बत्तीस वर्षं कानाशी ड्रिल चालवतोय. ती टिंग का काय, मी जन्मात ऐकलेली नाही."

"मग वाहवा कशाला करायचास?"

"तुझा चेहरा बघून. तुझं तोंड उजळलं की मी वाहवा करायचो."

"ती मीही नाही ऐकली, नुसती मान डोलवायचो," लिफ्टवाला म्हणाला. "आणि खरं सांगू? मला तर तांबं आणि चांदी रंगाखेरीज वेगळी वाटली नाही कधी. चहा सांगा."

तिघं हसले. कानसेनचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. त्या दोघांचं ठीक होतं, त्यांना ती टिंग कधी आलीच नव्हती. त्याने टिंग खरोखर ऐकली होती. ती जगात अजून होती, रोज अकराव्या मिनिटाला वाजत होती, आणि त्याच्यापुरती गेली होती. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते कुठल्याही चेष्टेने जात नव्हतं.

माफीचा कार्यक्रम आठवडाभर चालला. दहा जणांनी उदार मनाने माफ केलं. त्यातल्या एकाला तर आपल्याला खोटं ठरवलं होतं हेच कळलं नव्हतं. मुख्याध्यापिका सगळ्यांत शेवटी आल्या.

"बाई, चूक माझी होती. तो सूर मलाच ऐकू येत नाही."

"चूक तुम्ही लिहून केलीत. तेही लाल शाईने," बाई म्हणाल्या. "तर लिहूनच सुधारा." त्याने लाल ओळ खोडली आणि तिच्याखाली त्यांच्या समोर नीट अक्षरात 'उत्तरं विश्वासार्ह आहेत' असं लिहिलं. बाईंनी एक वेलांटी दुरुस्त करायला लावली, मगच त्या आत जाऊन बसल्या.

कानसेनने वरचा सूर सोडला. दिवा लागला. त्याने आवाज कमी करून पुन्हा सोडला. पुन्हा लागला. काचेपलीकडे बाईंच्या भुवया दर वेळी किंचित वर जात होत्या. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. तो उठला आणि त्याने दार उघडलं.

"आता काय?" बाई म्हणाल्या. "दाबलं ते बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. बाई, एक विचारू? कसा आहे हो तो?"

बाईंनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "बारीक आहे. टोचतो जरा. डास कानाशी येतो ना, तसा. काही विशेष नाही हो. तुमचं काही अडत नाही त्याच्यावाचून."

"बरं," कानसेन म्हणाला आणि मान हलवून दार लोटू लागला.

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मुलांचे चेहरे बघितलेल्या बाईने काय ओळखायचं ते ओळखलं. त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर नीट बसवले, पदर सारखा केला आणि ताठ बसल्या.

"थांबा. मी घाईत सांगितलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाजवा. या वेळी नीट ऐकून सांगते."