टिक कोणावर शे?

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दी निदान भजीवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते डोक्यातच बसतात, आणि ओट्यावर बाया जमल्या की एकाला ओढलं की मागून बाकीचे आपोआप येतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू. माझं शिक्षण चौथी पास. ज्यांना शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्यांनी इथेच थांबावं!

धरणगावला स्टँडजवळ आमचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. कॉम्प्युटर एक, प्रिंटर तीन. चौथा प्रिंटर धुळ्याला, धाकट्या दिराच्या दुकानात. दुकानं दोन असली तरी धंदा एकच, म्हणून जळगावच्या प्रवीण मेकॅनिकने तोही इंटरनेटवरून जोडून दिला. आमचे प्रिंटर तिकडे दिसतात, तिकडचा इकडे. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रिंटरचं बारकं चित्र आहे. ते दाबलं की मेनू उघडतो, त्यात चौघांची नावं. ज्याच्यापुढे टिक, त्याच्यातून कागद निघणार.

एवढंच आहे बघा. आणि एवढ्याशा टिकवाल्या मेनूपायी आमची सासू घर सोडून धुळ्याला जाऊन बसली होती! सांगते.

*

आधी मेनूत कंपनीची नावं होती. लांबलचक इंग्रजी, पुढे आकडे. मी प्रवीणला म्हटलं, "हे मला वाचता येत नाही आणि वाचायचंही नाही. माणसांसारखी नावं टाक."

"काय टाकू ताई?"

जुना काळा प्रिंटर सुरू व्हायला वेळ लावतो, आधी खाकरतो, गुरगुरतो, पण एकदा लागला की थांबत नाही. मी म्हटलं, "टाक, आबा." आबा म्हणजे माझे सासरे.

कलरवाली चार दिवस वापरली नाही तर रुसते, शाई वाळवून घेते, मग मनधरणी करावी लागते. "टाक, अक्का." अक्का म्हणजे सासूबाई.

फोटोचा नवा, चकचकीत, वर स्कॅनची काच. तो मागाहून आला, पण नाव आधीच ठरलं होतं, "नवरी". आणि धुळ्याचा, त्यालाही वर स्कॅनची काच, तो नुसता "धुळे".

आबा दुपारी दुकानात आले, चष्मा वर करून स्क्रीन वाचली. मला वाटलं, आता भडकणार. तर म्हणतात, "मन्हं नाव सर्वात वर शे ना? मंग ऱ्हाऊ दे."

*

उन्हाळ्यात काळा प्रिंटर तापून ठप्प झाला. गिऱ्हाईक दारात, मी घामाघूम. प्रवीणला फोन लावला आणि ओरडले, "अहो, आबा एकदम गरम झाले आणि बंद पडले! मघापासून हलवतेय, काही हालचाल नाही! लवकर या!"

समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या ताराबाईने ते ऐकलं. तिने मला विचारायचं की नाही? नाही! तिने सरळ सगळ्या गल्लीला कळवलं.

मी टेबलाखाली वायर तपासत होते. डोकं वर काढते तर दारात माणसंच माणसं! पांढऱ्या टोप्या, खांद्यावर उपरणी. एकाने तर बांबू आणले होते. बांबू! मला वाटलं, घरातलंच कोणी गेलं आणि मलाच पत्ता नाही!

तेवढ्यात मागच्या दारातून आबा आले. हातात चहाची बशी. गर्दी बघून दचकले. "बठ्ठा गाव कसाले जमना? कोन मरनं?"

बांबूवाल्याने बांबू पाठीमागे लपवले.

आबांनी बशी ठेवली, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला मंग, मी भी येस."

*

बँकेत एक नवे साहेब बदलून आले होते. बाहेरचे. कुठल्याशा अर्जाची प्रिंट घ्यायला आमच्या दुकानात उभे होते. मी आमच्या ह्यांना सांगत होते, "अक्काचं डोकं खराब झालंय. सकाळपासून साफ करतेय, तरी लालच ओकतेय. आता इंजेक्शनने ढकलावं लागेल."

प्रिंटरला डोकं असतं. शाईची बारीक भोकं असतात त्यात, ती बुजली की इंजेक्शनच्या सिरिंजने साफ करावी लागतात. त्या माणसाला काय माहीत!

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "ताई, हे... हे घरी नका करू हो. मोठ्या दवाखान्यात न्या!"

हे म्हणाले, "नेलं असतं साहेब, पण ते म्हणतात, आता हिचे पार्ट मिळत नाहीत."

साहेब अर्ज टाकून गेले. त्यांच्या अर्जाच्या प्रिंट मी आठवडाभर ठेवल्या होत्या.

*

ह्यांचा आवाज आधीच मोठा. त्यात एसटीत फोन आला की अख्ख्या गाडीला ऐकवायचं. फोटोचा प्रिंटर घ्यायला जळगावला निघाले तेव्हा मी फोनवर विचारलं, किती वाजता परत येणार?

हे गाडीत ओरडले, "अगं, नवरी पसंत पडली की लगेच घेऊन येतो! जमलं तर अक्काला बदल्यात देऊन टाकू, पण म्हातारीला कोण घेणार?"

शेजारची बाई पोराला कडेवर घेऊन उठली आणि सगळा रस्ता उभी राहिली, पण ह्यांच्या शेजारी काही बसली नाही.

घरी येऊन मलाच विचारतात, "बायकांना झालंय काय आजकाल?"

*

आता घर सोडून जाण्याचं.

गणपतीच्या आधी पत्रिका, पावत्या, बॅनरचे नमुने, नुसती धांदल. नेमकी कलरवाली रुसली. लाल येईना, पिवळं पसरे. आबा शटरजवळ त्यांच्या खुर्चीवर. मी चिडून म्हटलं, "आबा, काय करू हो हिचं?"

आबांनी सल्ला दिला. तो त्यांच्या आवाजात दिला, म्हणजे स्टँडपर्यंत ऐकू जाईल असा.

"हाई अक्का निस्ती शाई पेस. काम काही नही! म्हतारी हुई गई. आते इले काढी टाक नि नवी लई ये!"

मी मागे वळले. घराच्या दारात अक्का उभ्या. हातात आमच्या दोघांसाठी आणलेलं ताक.

मी घाईघाईने मशीनकडे बोट दाखवलं.

अक्का म्हणाल्या, "म्हतारी हुई गऊ का मी? लई ये मंग नवी!"

"अवं, मी मशीनले बोलनू!"

"मशीनना नाव काय शे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. नाव मी ठेवलं होतं, ते सांगायला गेले, पण कोण ऐकतंय! अक्कांनी ताकाचे दोन्ही पेले टेबलावर ठेवले, आत गेल्या, कापडी पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने धुळ्याला. जाताना मला म्हणाल्या, "तुन्हा सासराले सांग, नवी वनी का तिनाच हातनी भाकर खाय." म्हणजे, नवी आली की तिच्याच हातची खा!

मी आबांना म्हटलं, "एक फोन करा." आबा म्हणाले, "मी काय म्हनू? मी काही बोलनूच नही तिले!" खरं तर तेही खरंच होतं. म्हणून तर गाडं अडलं ना! चूक कबूल करावी तर चूक केलेली नाही, आणि न करावी तर भाकर नाही.

भाकर मी करत होते की! कळण्याची, आमच्याकडे खातात तशी, ज्वारी आणि उडदाची. तर म्हणायचे, "तुन्ही भाकर जाड ऱ्हास." अर्धी खाऊन ताट सारायचे. गणपती गेले, नवरात्र आलं. आबांची मान बारीक दिसायला लागली. मी कलरवालीचं नाव मेनूतून काढून "कलर" करून टाकलं. पण ते आता कोणाला दाखवायचं?

*

त्याच दिवसांत एरंडोलकडचे एक भाऊ आले. मुलीचा बायोडाटा छापायचा होता. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "ताई, चारच कॉपी. आणि गावात कोणाला कळायला नको. अजून भावकीतही सांगितलं नाही."

मी प्रिंट दाबली. कागद नाही. परत दाबली. नाही. काळ्याला थापट मारली, पुन्हा दाबली, मग रागाने दाबतच राहिले. कोणीच कागद देईना!

फोन वाजला. धुळ्याहून माझी जाऊ रेखा. "ताई, हे काय चाललंय? कागदच थांबेनात! काउंटर भरून खाली पडताहेत! गिऱ्हाईकं उचलून वाचताहेत!"

मी मेनू उघडला. टिक धुळ्यावर! सकाळी तिकडे एक काम धाडलं होतं, ते तसंच राहिलं. ज्या माणसाला भावकीतही सांगायचं नाही, त्याची पोरगी मी अख्ख्या धुळ्यात वाटली!

भाऊंना सांगितलं. त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. तेवढ्यात रेखाचा परत फोन. "ताई, इथे एक बाई आल्या आहेत. बायोडाटा वाचला. म्हणताहेत, मुलगी आमच्यात शोभेल, बघायला कधी यायचं?"

भाऊंनी तोंड मिटलं, घसा साफ केला आणि विचारलं, "मुलगा काय करतो?"

त्या लग्नाची पत्रिका आमच्याकडेच छापली. मुद्दाम धुळ्यावर टिक करून.

पण मला सांगायचंय ते पुढेच. भाऊ गेल्यावर आबा खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"म्हंजे हाई टिक तठे करी का कागद धुळ्याले निंघस?"

"हो."

"नि तठे कोन उचलस?"

"रेखा. पण ती दुपारी जेवायला आत असते, तेव्हा अक्काच बसतात ना काउंटरवर."

"हं," म्हणाले आणि परत खुर्चीवर.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातून जळका वास आला. मी गिऱ्हाईकाशी बोलत होते, जागची उठता येईना. वास वाढला, मग कमी झाला. थोड्या वेळाने आबा दुकानात आले. धोतराला पीठ, मिशीला पीठ, हातात उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"धुळ्यावर टिक कर."

"कशाला?"

"कर म्हन्तू ना!"

मला वाटलं, आधारकार्ड असेल. टिक केली. मागे नवरीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी गिऱ्हाईकाकडे बघत-बघतच स्कॅनचं बटण दाबलं. उजेड सरकत गेला. मग स्क्रीनवर हळूहळू एक चित्र यायला लागलं. एका बाजूने फुगलेलं, दुसऱ्या बाजूने फाटलेलं, मधोमध काळा डाग, कडा नुसत्या भारताच्या नकाशासारख्या...

मी गर्रकन वळले. काचेवर भाकर! माझ्या नव्या मशीनच्या काचेवर गरमागरम भाकर! झाकण लागत नव्हतं म्हणून आबांनी ते वरून दोन्ही हातांनी दाबून धरलेलं!

"आबा! अहो, काय केलंत हे?"

"मीच करी. चुल्हावर," आबा म्हणाले. "धाड."

मी त्या भाकरीकडे बघितलं. आबांच्या बोटांना दोन ठिकाणी चटका बसलेला दिसला. शिव्या तोंडात आल्या होत्या, त्या गिळल्या आणि प्रिंट दाबली.

आबा खुर्चीवर जाऊन बसले. गिऱ्हाईक तिथेच उभं, त्याचं काम झालं होतं तरी हलेना. धुळ्याहून फोन नाही. मी दोनदा फोन उचलून बघितला, सुरू आहे ना म्हणून. आबा मांडीवरच्या भाकरीचा काळा भाग नखाने खरवडत होते.

आणि मग काळा प्रिंटर आपणहून खाकरला.

मी त्याला हात लावला नव्हता! कॉम्प्युटरवर काही दाबलं नव्हतं! गुरगुरला, थरथरला आणि एक कागद बाहेर ढकलला. तिकडे कोणीतरी मेनू उघडून आमच्या "आबा"वर टिक केली होती.

मी कागद उचलला. सगळा काळा-राखाडी. नीट बघितलं तेव्हा शिवण दिसली, मग बंद दिसले, गाठ मारलेले. अक्कांची कापडी पिशवी. काचेवर दाबून-दाबून स्कॅन केलेली.

तेवढ्यात रेखाचा फोन. किंचाळतच होती. "ताई! मी जेवून येते तर अक्कांनी काचेवर पिशवी ठेवलेली! पिशवीत लोणच्याची बरणी! सगळं तेल मशीनमध्ये गळतंय, ताई!"

"माझ्याकडे भाकरीचं पीठ आहे!" मी ओरडले.

आबांनी माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा वर केला, लांब धरला, जवळ धरला, पिशवीच्या फुगलेल्या पोटावर बोट ठेवलं.

"भरेल शे," म्हणाले. पिशवी भरलेली होती, घरातून गेल्या तेव्हा होती तशी.

खुंटीवरची टोपी घातली, उरलेली भाकर उपरण्यात बांधली आणि पायरी उतरले.

"आबा, अहो कुठे? धुळ्याहून गाडी यायला अजून किती वेळ आहे! उन्हात स्टँडवर बसून काय करणार?"

आबांनी मागे न बघताच हात हलवला.

"तू काच पूस."