मालक नसलेली गल्ली

मूर्तीच्या कारखान्यात मेणाचे तुकडे पायाखाली पडत राहतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, तरी झाडू मारला की नारळाएवढा गोळा निघतो. आमच्या सीनूचे किस्से तसेच. एकेक पडला तेव्हा मी नुसता करवादलो. आता गोळा एवढा झालाय की जवळ ठेववत नाही, म्हणून तुमच्यापुढे टाकतो.

सीनू माझ्या बहिणीचा मुलगा. घर कुंभकोणमला, नोकरी सोडलेली, लग्नाचं वय टळत आलेलं. मी स्वामीमलैला कुमरेसन स्थपतींच्या कारखान्यात जन्मभर कानस चालवली. स्थपती म्हणजे मूर्ती घडवणारे. आता हात थरथरतो, म्हणून तिथंच बाकावर बसून कॉफी पितो आणि दुसऱ्यांच्या चुका काढतो. शाळा चौथीत सुटली. घरात आमची तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. पुण्याचे पाहुणे माझी मराठी ऐकून हसतात. हसोत.

*

एक दिवस सीनू म्हणाला, "मामा, मी एनएफटी विकतो."

"ते काय असतं?"

"चित्र असतं. फोनवरचं. कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं. पण मालक एकच."

"मग मालकाच्या हातात काय पडतं?"

"तो मालक आहे, हे पडतं!"

मी म्हटलं, "मग कुंभकोणमचा महामहमचा तलाव मी तुला विकतो. लोक येऊन आंघोळ करतील. तू काठावर मालक म्हणून बस!"

कार्टं हसायचं सोडून म्हणालं, "मामा, तुम्हाला समजलं की!"

*

ही चित्रं तो एका नव्या सोशल मीडियावर टाकतो. त्याचं मोठं कौतुक असं, की त्याला मालकच नाही. कंपनी नाही, साहेब नाही, ऑफिस नाही. डिसेंट्रलाइज्ड! हा शब्द तो असा म्हणतो, जसा भटजी संकल्प सोडतो.

स्थपतींनी मेण मळता मळता सीनूला विचारलं, "मालक नसलेल्या गल्लीत कचरा कोण उचलतो, तंबी?"

"कम्युनिटी, अय्या," सीनू आदरानं म्हणाला. "सगळे मिळून."

"आमच्या गल्लीतही कम्युनिटीच आहे," स्थपती म्हणाले. "म्हणून तर कचरा आहे!"

*

त्या कारभाराची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. गेले की सगळं गेलं. कागदावर लिहायचे नाहीत, फोनमध्ये ठेवायचे नाहीत. मग ठेवायचे कुठं? सीनूनं आईला पाठ करायला लावले! माझी बहीण विसरभोळी. पण तिला संपूर्ण सहस्रनाम येतं, म्हणून याचा भरवसा.

तिनं ते शब्द सहस्रनामासारखेच धरले. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना, दारात उभी राहून, मोठ्यानं! "लेमन ब्रिज टायगर पिलो..." चालही लावली. ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी नव्या देवाचं स्तोत्र आहे.

एकदा ती मध्येच अडखळली. तेवढ्यात फाटकाशी उभी असलेली भाजीवाली पालकाची जुडी मोजता मोजता म्हणाली, "अम्मा, टायगर राहिला!"

*

मग त्याची नजर आमच्या कारखान्यावर पडली. आमच्याकडे आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून वाहून जातं, त्या पोकळीत धातू ओततात. शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणजे तीच मूर्ती पुन्हा नाही. सीनू ऐकून नाचायला लागला. "एकच नग! मामा, तुम्ही लोक पिढ्यान्‌पिढ्या एनएफटीच करताय!"

मी म्हटलं, "तोंड सांभाळ."

त्यानं मेणाच्या मूर्तींचे फोटो टाकले. सुंदर नटराज, सुंदर पार्वती. कुणी विचारलं नाही. मग एका नंदीचा फोटो टाकला. उन्हानं त्याचा कान लोंबला होता, स्थपतींनी तो मोडायला बाजूला ठेवलेला. त्या लोंबत्या कानावर परदेशातले लोक तुटून पडले!

स्थपती दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जन्मभर सरळ कान केलेला माणूस! तिसऱ्या दिवशी बघतो तर आणखी एक मेणाचा नंदी अंगणात उन्हाला मांडलेला.

मी विचारलं, "हे काय?"

"बघतोय," ते म्हणाले, "याचा कुठवर उतरतो."

*

इथवर मी नुसता कुरकुरत होतो. पण अम्मनच्या वेळी माझं डोकं फिरलं.

तिरुप्पनंदाळच्या पुढच्या एका गावानं त्यांच्या गावदेवीची, अम्मनची मूर्ती करायला सांगितली होती. त्या गावाची रीत अशी, की मूर्ती गावात नेऊन, तिचे डोळे सगळ्यांसमोर शेवटी कोरायचे. तोवर तोंडावर कापड. गावाबाहेरच्यानं, घडवणारा सोडून, तोंड बघायचं नाही. स्थपतींच्या वडलांनीही त्या गावाचं काम असंच केलं होतं.

सीनूनं कापड उचललं. फोटो काढला, टाकला, विकलासुद्धा!

मूर्ती न्यायला गावची माणसं व्हॅन घेऊन आली, ती हा फोटो फोनवर बघूनच. पुढे अलमेलू पाट्टी, गावची आजी. वय झालेलं, पण देवळात तिचा शब्द शेवटचा.

"आमची अम्मन विकलीस?" तिनं विचारलं.

"नाही पाट्टी, नुसतं चित्र."

"मालक कोण त्याचा?"

आणि हे खरं बोलणारं गाढव म्हणालं, "तो. परदेशातला."

स्थपती मटकन खाली बसले. हे गाव रिकामं परत गेलं, तर दुसरं कुठलं गाव या दारात येणार?

मी ओरडलो, "पुसून टाक ते!"

"पुसता येत नाही मामा."

"मग सांग तिथल्या कुणाला तरी!"

"कुणाला सांगू? मालकच नाही ना तिथं!"

"मग त्या माणसाकडून परत घे!"

"विचारलं. तो म्हणतो, कितीही द्या, विकणार नाही."

पाट्टीनं मान वर केली. "विकणार नाही म्हणाला?"

"हो."

"बरा माणूस दिसतो." तिनं व्हॅनकडे बघितलं, कापडाखालच्या मूर्तीकडे बघितलं. "विचार त्याला. घरात आणलीय, तर तिच्यापुढे रोज दिवा लावील का? लावणार असेल तर एक अम्मन त्याची, एक आमची. आम्ही घेऊन जातो. नसेल लावणार, तर ही वितळवा."

स्थपतींनी डोळे मिटले. मी कपाळ बडवलं. कोण कुठला तो गोरा, फोनमधल्या चित्राला दिवा लावणार! पण सीनूनं टाइप केलं. व्हॅनवाल्यानं इंजिन बंद केलं. माझी कॉफी गार झाली.

फोन वाजला. सीनूनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय म्हणतो?" पाट्टीनं विचारलं.

"विचारतोय," सीनू म्हणाला, "तेल कुठलं?"