परत न घेतलेला डबा

सुलभाताईंनी डब्याचं झाकण माझ्यासमोरच उघडलं. आत शेंगदाण्याची चटणी होती. मी कुटलेली. लसूण भरपूर, मिरची बेताची, कारण त्यांच्याकडे तिखट कमी खातात असं काकू म्हणाली होती. त्यांनी चटणीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात सोसायटीचा वॉचमन पार्सल द्यायला वर आला. त्यांनी झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"भैया, ये आप खा लेना. और डिब्बा भी रख लो, वापस मत लाना."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तू कशाला त्रास घेतलास गं? तुमच्याकडून आम्हाला काही नको." गोड आवाजात. हसून. आणि दार लावून घेतलं.

डबा स्टीलचा होता, चांगला जड. झाकणावर नाव घातलेलं होतं, 'सौ. सुलभा'. त्यांचाच डबा. आदल्या दिवशी त्यांनीच त्यातून आमच्याकडे वरणफळं पाठवली होती. तो माझ्या हातून भरून आला म्हणून त्यांच्या घरात परत जाऊ शकला नाही. मी बंद दारासमोर उभी होते आणि माझे कान तापले होते.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझे आईबाप लातूरकडचे. मुकादमाबरोबर पानिपतला आले. आई तिथे जुन्या कपड्यांच्या गोदामात काम करायची. ढिगातून बटणं तोडायची, चेन उसवायची, रंगाप्रमाणे चिंध्या वेगळ्या करायची. त्या धुळीनं तिची छाती भरली आणि ती गेली. बाप त्यानंतर कुठे गेला ते मला अजून माहीत नाही. मी दिल्लीच्या अनाथ मुलींच्या एका संस्थेत पोचले. तिथून बालकल्याण समितीनं मला मयूर विहारला एका जोडप्याकडे सांभाळायला ठेवलं, त्यांनाच मी काका-काकू म्हणते. मुलगी मराठी, घर मराठी, बरं पडेल, असं म्हणाले. काका केंद्र सरकारच्या ऑफिसात. आयुष्य आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढून नुकतेच स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलेले. त्यांना मूल नव्हतं. माझ्याबरोबर पिंकीही आली, संस्थेतलीच, माझ्याहून लहान, हिंदी बोलणारी.

सोसायटीतल्या मराठी मंडळाला या गोष्टीचं फार कौतुक. सुलभाताई मंडळाच्या अध्यक्ष. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "गाव कुठलं? आडनाव काय? आई काय करायची?" मी सगळं सांगितलं. आडनाव ऐकून त्या "हं" म्हणाल्या आणि त्यांनी साडीचा पदर आवरून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून जुन्या कपड्यांची पिशवी आली. मी ती उघडली आणि तोच वास आला, आईच्या गोदामातला. मी त्यातलं काहीही घातलं नाही. पिंकीनं एक स्वेटर घेतला, कारण थंडीत तिला दुसरा नव्हता.

पावसाळा सरता सरता काकूला डेंग्यू झाला. ताप उतरला तरी तिला उभं राहवेना. मंडळानं ठरवलं, रोज एका घरातून आमच्याकडे जेवणाचा डबा. मी म्हणाले, मला स्वयंपाक येतो, आई कामावर जायची तेव्हा घरी मीच करायचे. पण सुलभाताईंनी काकूला फोनवर सांगितलं, "त्या मुलींच्या हातात स्वयंपाकघर देऊ नकोस हं. कोण कुठल्या." फोन स्पीकरवर होता. काकूनं तो घाईघाईनं बंद केला.

आणि शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मला काकूनं शिकवायची गरज नव्हती. आमच्या पानिपतच्या पत्र्याच्या खोलीतसुद्धा आई कुणाची वाटी रिकामी पाठवत नसे. काहीच नसलं तर साखर. काकू पडल्यापडल्या म्हणाली, "साखर घाल आणि देऊन ये." मी साखरेऐवजी चटणी केली. आईची चटणी. मला वाटलं, वरणफळं इतकी छान होती, आपणही काही तरी आपल्या हातचं द्यावं.

साखर घातली असती तर डबा आत गेला असता का, यावर मी पुष्कळ विचार केला. साखर दुकानातली. पण हात माझाच असता.

दुसऱ्या दिवशी वॉचमन तो डबा घासून मला द्यायला आला. "बेटा, इसपे नाम लिखा है. मेरे पास दिखेगा तो लोग बोलेंगे कहाँ से उठाया." जाताना म्हणाला, "चटनी अच्छी थी." मी डबा माझ्या कपड्यांखाली ठेवून दिला.

त्या दिवसापासून सगळ्या घरांचे डबे बदलले. आईस्क्रीमचे रिकामे डबे. हॉटेलातून येतात ते काळे प्लास्टिकचे. काही तर झाकणाला तडा गेलेले. परत करायची भानगडच नको. पिंकी ते सगळे धुऊन बाल्कनीत एकावर एक रचायची. मला विचारायची, "दीदी, ये वापस कब देंगे?"

काकूला कळत नव्हतं असं नाही. मी तिला विचारलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं. "चालवून घे बाळा. समितीच्या मॅडम येणार आहेत. शेजारी काय म्हणतात हे विचारतात त्या. सुलभा नाही म्हणाली तर तुम्हाला दोघींना घेऊन जातील." मला काकूचा राग आला आणि तिची दयाही आली. ती आमच्यासाठीच गप्प बसली होती. आणि रोज आमच्या ताटात काय येतंय, हे तिलाही दिसत होतं.

मॅडम आल्या त्या दिवशी सुलभाताई मुद्दाम त्याच वेळी आल्या. हातात आईस्क्रीमचा डबा, आत पुलाव. मॅडम सोफ्यावर बसल्या होत्या, काकू उशीला टेकून. सुलभाताई हिंदीत म्हणाल्या, "हमारी पूरी सोसायटी इनके साथ है, मॅडम. बच्चियाँ हमारे घर का ही खाती हैं." आणि डबा माझ्यापुढे धरला. "घे गं."

मी हात मागे घेतले.

"नाही घेणार."

काकूनं डोळे मिटले. मॅडमनी विचारलं, "क्यों बेटा?"

मी हिंदीतच सांगितलं, मॅडमना कळावं म्हणून. "हमारे घर की चीज़ इनके घर में नहीं जा सकती. मैंने चटनी दी थी, इन्होंने डिब्बे के साथ वॉचमन को दे दी. तो इनका खाना भी हमारे घर में नहीं आएगा. खाना मैं बना लूँगी."

सुलभाताई हसल्या. "देखा आपने? ऐसे बच्चों का यही है. एहसान नहीं मानते." मॅडमबरोबरच त्या खाली गेल्या. जिन्यात किती तरी वेळ त्यांचाच आवाज येत होता.

काकू मला म्हणाली, "तुला कळतंय का तू काय केलंस?" आणि रडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळली. भीती वाटत होती, पण पुन्हा ते डबे घ्यावेत असं एकदाही वाटलं नाही.

डबे थांबले. लिफ्टमध्ये बायका बोलायच्या बंद झाल्या. काही दिवसांनी समितीचा निरोप आला. काकूची तब्येत नाजूक, शेजाऱ्यांचा आधार नाही, दोन मुली झेपणार नाहीत. एक राहील. मी मोठी होते, दहावीच्या वर्षात होते, म्हणून मी राहिले. पिंकीला परत नेलं. ती तो स्वेटर घालून गेली, कारण थंडी सुरू झाली होती. आता ती फरिदाबादला एका फॅक्टरीत पॅकिंगला आहे. तिची दहावी राहिली ती राहिलीच.

सोसायटीत म्हणायचे, त्या पोरीच्या तोंडामुळे धाकटीचं नुकसान झालं. मी हे कधीच मान्य केलं नाही, आजही करत नाही. पिंकीच्या डोक्यावरचं छप्पर यांच्या होकारावर टांगलेलं होतं. आणि होकाराच्या बदल्यात आम्ही मान खाली घालून खायचं होतं.

मी आता नोएडाला एका कंपनीत नोकरी करते. काकू-काकांकडे दर रविवारी जाते. मागच्या महिन्यात सुलभाताईंचा फोन आला.

"अगं, गणपतीत तुझा सत्कार करायचाय. आपल्या सोसायटीनं घडवलेली मुलगी तू."

मी म्हणाले, "येते. तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. त्यात चटणी भरून आणते. स्टेजवर, सगळ्यांसमोर, तुम्ही ती पोळीला लावून खायची. आणि पिंकीलाही बोलवायचं. मग सत्कार."

त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी अजून तेच धरून बसलीस?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला.

तो डबा मी रोज ऑफिसला नेते. झाकणावरचं नाव तसंच आहे. जेवताना कुणी विचारतं, "सुलभा कोण, तुझी आई?" मी नाही म्हणते, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगते, वॉचमनपर्यंत, पिंकीपर्यंत. ऐकणाऱ्याचा घास अडला तरी मी थांबत नाही. ते नाव मी घासून काढणार नाही. डबा त्यांचा आहे. त्यांनी माझ्या हातून तो भरलेला घेतला पाहिजे. तोवर त्यांच्या नावासकट तो मी चारचौघांत उघडत राहणार.