अर्धं ऑपरेशन

आमच्या सर्जनसाहेबांनी जन्मात एकही गोष्ट अर्धवट सोडली नव्हती, आणि त्यापायी झाशीतल्या निम्म्या मराठी घरांना त्यांनी वात आणला होता. एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकाचं एक कडवं गाळलं, तर यांनी ते म्हणायला लावलं. नवरा-नवरी हार धरून ताटकळली. बड्या बाजारात भाजीवाला बोलता बोलता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला की "भैया, पहले बात पूरी करो" म्हणत हे तिथेच उभे. मी पंचवीस वर्षं त्यांच्या रुग्णांना भूल दिली. शेवटचा टाका स्वतः घातल्याशिवाय ते टेबलापासून हलत नसत. "अगं, अर्धवट काम म्हणजे पाप," हे तर मी हजारदा ऐकलंय.

एका दुपारी नगरा भागातल्या एका तरुणाला आणलं. स्कूटरला ट्रॅक्टरची धडक बसली होती. पोट फुगून टणक, नाडी हाताला लागेना. पोट उघडताच रक्त टेबलावरून खाली सांडलं. यकृत फाटलं होतं. साहेबांनी टाके घातले, तर टाक्यांच्या भोकांतूनही रक्त झिरपू लागलं. मी पिशव्यांमागून पिशव्या चढवत होते. "सर, अंग गार पडलंय. रक्त गोठत नाहीये." खरं सांगते, मला त्यांच्या हट्टाचीच धास्ती वाटत होती. हे शेवटपर्यंत शिवत बसणार आणि पोरगा टेबलावरच जाणार.

त्यांनी सुई खाली ठेवली. यकृताभोवती कापडी पट्ट्या ठासून बसवल्या, मोठ्याने मोजत. नऊ. रक्त थांबलं. "बास. पट्ट्या आतच राहू देत, पोट नुसतं झाकायचं," ते म्हणाले.

बाहेर त्याच्या बायकोने विचारलं, "डाक्साब, हो गओ ऑपरेशन?"

"आधा हुआ है, बहूजी. आधा परसों. तब तक इनको गरम रखेंगे, खून देंगे."

दोन दिवस साहेब वॉर्डाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. चहा अर्धा पिऊन विसरायचे. तिसऱ्या दिवशी एकेक पट्टी ओली करून हलक्या हाताने काढली. आत कोरडं होतं. नऊच्या नऊ निघाल्या. मग शेवटचा टाका त्यांनी इतका सावकाश घातला की मला त्यांचा राग यावा.

गेल्या वर्षी प्रेमनगरला त्यांच्या घरी गेले होते. फार थकले होते. हीच हकीकत रंगवून सांगत होते, पट्ट्या मोजण्यापर्यंत आले आणि धाप लागली. "बाकीचं परवा," म्हणाले.

मी सांगितल्या दिवशी गेले, तेव्हा त्यांचा देह खाली ठेवला होता. मला रडू आवरेना. उशाशी बसले आणि उरलेलं मीच सांगितलं. "सर, नऊच्या नऊ निघाल्या. पोरगा घरी गेला."