टाचणीआत्याचा ओठ

तिला सगळे टाचणीआत्या म्हणत. तिच्या शिवणकामाच्या दुकानात शिरलेल्या माणसाला आधी तिच्या ओठांत धरलेल्या चार-पाच टाचण्या दिसत, मग ती. टाचण्या न पाडता तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ती बोले, भांडे, हसेसुद्धा. तिचे नियम दोनच. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. आणि शिवण कुठे बिघडली ते कळेनासं झालं, की एकेक टाका उसवत मागे जायचं.

एका मंगळवारी सकाळी तिचा वरचा ओठ टम्म सुजला होता. दुखत नव्हता, खाजतही नव्हता.

"कुणी चावलं, की तू कुणाला चावलीस?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं.

"तुम्हाला चावले असते तर विषानेच गेले असते."

दुसऱ्या दिवशी ओठ जागेवर आला. तिचं मन मात्र आलं नाही. दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग तिने उसवायला घेतलं. पहिल्यांदा टाचण्या गेल्या. मनगटाला छोटी गादी बांधून ती त्यात टोचू लागली. ओठ पुन्हा सुजला. मग लिपस्टिक गेली, टूथपेस्ट बदलली, अंडी बंद, शेंगदाणे बंद. औषधवाल्याने ॲलर्जीची गोळी दिली, तिने नुसती झोप आली. मापं घेता घेता तिचं बोट ओठाकडे जाई. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिने दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

ओठ सुजला की तिला वाटे, प्रेशर वाढलं असणार. प्रेशरची गोळी ती दोन वर्षं नेमाने घेत होती. टाचण्यांचा रिकामा डबा आता त्याच गोळ्यांना दिला होता. सूज दिसली की ती गुपचूप अर्धी गोळी जास्त घेई. घरात बोलली नाही. दुखत नाही त्याचा कशाला बोभाटा!

चौथ्या वेळी जीभही जड झाली. ती शाळेचे गणवेश टाचत होती. डबा द्यायला आलेली सून दारातच थबकली.

"आई, आवाज असा घोगरा का येतोय?"

"काही नाही गं. वीस गणवेश उद्या द्यायचेत."

"एक दिवस उशीर झाला म्हणून पोरं उघडी नाही जाणार शाळेत. उठा. गोळ्या घ्या बरोबर."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरणीने आधी जीभ पाहिली, घसा पाहिला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. श्वास ठीक आहे अशी खात्री झाल्यावरच गोळ्यांचा डबा उघडला.

"ही गोळी कधीपासून?"

"दोन वर्षं. तिने कधी काही केलं नाही."

"तीच करतेय. प्रेशरच्या या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना अशी सूज येते. पहिल्या आठवड्यात येईल, नाहीतर कित्येक वर्षांनी. ॲलर्जीच्या गोळीला ती सहसा दाद देत नाही."

"मी तर..." टाचणीआत्याने सुनेकडे न पाहता सांगितलं, "सूज आली की अर्धी जास्त घ्यायचे."

सगळं उसवून झालं होतं; फक्त औषध सुटलं होतं. औषधावर संशय घ्यायचं कुणाला सुचतं?

संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर ठेवून, दुसऱ्या जातीची गोळी लिहून डॉक्टरणीने सोडलं. "ही जुनी पुन्हा कधीही नाही, कुठल्याही नावाने. आणखी काही आठवडे सूज डोकावू शकते. ओठ सुजला तर फोन करा. जीभ, आवाज, श्वास यांतलं काही बिघडलं तर थेट इथे. हातातली शिवण पुरी करत बसू नका."

घरी नवऱ्याने जुन्या गोळ्यांची पट्टी उजेडात धरली. "सहा उरल्यात. मलाही प्रेशर आहेच. वाया कशाला घालवायच्या?"

कापडाची चिंधीसुद्धा न टाकणाऱ्या बाईने ती पट्टी त्याच्या हातातून ओढली. जवळ होती ती मोठी कात्री उचलली आणि एकेक गोळी मधोमध चिरली.

"अगं, कापडाची कात्री!"

"जाऊ दे धार."

तुकडे कचऱ्यात गेले. तिने बोट ओठाला लावून पाहिलं. सूज उतरत होती. हात धुतले, आणि पुन्हा लावून पाहिलं.